दोष कुत्र्याचा की उघड्या हौदाचा?

कुत्रा म्हटले की आपल्याला रेबीज आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण कुत्र्याच्या रक्तातल्या कृमीचा विषय निघाला की लोक दोन टोकांना जातात. काही जण तो हसण्यावारी नेतात, तर काही जण म्हणतात, ‘मग कुत्रा लांब नेऊन सोडतो.’ माझ्या मते दोन्ही चूक आहे.

हत्तीरोग आपल्याला ऐकून माहीत आहे. त्याच्या कृमीचे दोन भाऊबंद कुत्र्यांत आढळतात. पहिला हृदयकृमी, म्हणजे डायरोफायलेरिया इमिटिस. शेवईसारखा दिसणारा हा कृमी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत तो राहतो. कुत्रा खोकतो, थोडे चालल्यावर धापा टाकतो, वाळत जातो. मांजरांना व कोल्ह्यांनाही तो होतो. दुसरा डायरोफायलेरिया रेपेन्स. तो कातडीखाली राहतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, दिल्ली, सिक्कीम व लडाख येथील कुत्र्यांचे रक्त तपासले, तेव्हा मुंबईच्या कुत्र्यांत हा रेपेन्स सापडला होता.

तो माणसापर्यंत येतो कसा? कुत्र्याने चाटल्याने नव्हे, अंगाला हात लावल्यानेही नव्हे. डास कुत्र्याचे रक्त पितो, त्यासोबत सूक्ष्म अळ्या त्याच्या पोटात जातात. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत त्या तयार होतात आणि तोच डास पुन्हा चावला की दुसऱ्या शरीरात उतरतात.

माणूस हे या कृमीचे खरे घर नव्हे. बहुधा एखादाच कृमी येतो, त्याची वाढ अर्धवट राहते, आणि एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही. मात्र कातडीखाली गाठ येते किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागाखाली तो वळवळताना दिसतो. असे रुग्ण आपल्या देशात सर्वाधिक केरळात आढळले असून शेजारच्या कर्नाटकातही त्यांची नोंद आहे. हृदयकृमीमुळे क्वचित फुफ्फुसात गोल डाग दिसतो आणि एक्स-रे पाहून कर्करोगाची शंका येते. डोळ्यात काही हलल्यासारखे वाटले तर डोळा चोळू नका, मनाने थेंब घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे किंवा घाटीत जा. छोट्या शस्त्रक्रियेने कृमी निघतो. तो टाकून न देता प्रयोगशाळेत तपासायला द्यावा.

आता कुत्रा सोडून देण्याविषयी. घरचा कुत्रा रस्त्यावर गेला तरी डास जागेवरच राहतात, आणि त्या कुत्र्याचे औषध मात्र बंद होते. म्हणजे दुखणे हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला! पाळीव कुत्र्यासाठी दरमहा देण्याचे प्रतिबंधक औषध असते. ते आधी रक्त तपासून पशुवैद्यांनीच द्यावे. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन घरच्या घरी टोचू नये. रक्तात अळ्या भरपूर असतील तर त्या एकदम मरून कुत्रा दगावू शकतो. कोलीसारख्या काही जातींच्या मेंदूलाही हे औषध बाधते.

पण मोकाट कुत्र्यांना दरमहा औषध कोण देणार? म्हणून पाळीव व मोकाट दोघांनाही लागू पडणारा उपाय एकच : डास होऊ न देणे. जायकवाडी जवळ असूनही वर्षानुवर्षे पाणी दिवसांआड येत राहिल्याने सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंत घरोघरी टाकी, हौद, ड्रम भरून ठेवण्याची सवय लागली. पाणी साठवणे हा गुन्हा नाही. ते उघडे ठेवणे हा मात्र निष्काळजीपणा आहे. धूरफवारणीने उडणारा डास मरतो, पाण्यातली अळी मरत नाही. नळ नियमित येणे आणि नाल्या वाहत्या राहणे ही महापालिकेची जबाबदारी, हे ठणकावून सांगायलाच हवे. पण झाकण आपण लावायचे आहे.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी हौद, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कुत्र्याचे पाण्याचे भांडे रिकामे करून, घासून, कोरडे करा. डेंग्यूसाठी हे आपण ऐकलेले आहेच. त्याच कष्टात दारातल्या मुक्या जनावराचे हृदयही वाचते.