गिअरबॉक्स घरी उतरवताय? आधी हिशोब मांडा
वडखळ नाक्यावर हा प्रश्न नेहमी येतो: पिकअपची क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स घरीच उतरवू का? मजुरी वाचेल! माझं स्पष्ट मत, धंद्याची फोर बाय फोर असेल तर नको. प्रॉपेलर शाफ्ट दोन, त्यात ट्रान्सफर केसचं वजन. गाडी उंच केलेली असली की खाली शिरायला जागा मिळते, पण साधा जॅक वर पोचत नाही. मी केलंय हे. परत बसवताना गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लटकला, नवी क्लच प्लेट वाकली. मजुरी वाचली हो, पण चार दिवस माल पोचला नाही आणि एक जुनं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. तरीही उतरवणारच असाल तर गाडी घोड्यांवर घ्या, जोडीला माणूस ठेवा, आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदला.