हातचे सोडून पळत्यामागे?

२०२५ च्या जुलै महिन्यात डेमियन लिलार्ड आणि जरू हॉलिडे हे दोन गार्ड पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या एकाच संघात दाखल झाले, तेव्हा अमेरिकी बास्केटबॉलच्या चाहत्यांना गंमत वाटली असेल. मिलवॉकीकरांना मात्र ती वाटली नसावी. सप्टेंबर २०२३ मध्ये याच दोघांपैकी एकाची निवड करण्याची वेळ मिलवॉकी बक्सवर आली होती आणि त्यांनी हॉलिडे देऊन लिलार्ड घेतला होता. दोन वर्षांनी हातात दोघांपैकी कोणीच उरले नाही.

तो निर्णय अविचाराने झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एप्रिल २०२३ मध्ये अग्रमानांकित बक्सना मायामी हीटने पहिल्याच फेरीत ४-१ असे गारद केले. यानिस अँटेटोकुंपो पाठीच्या दुखापतीने त्रस्त होता हे खरे. पण शेवटच्या दोन्ही सामन्यांत अखेरच्या सत्रातली मोठी आघाडी संघाने घालवली, हे अधिक बोचणारे होते. बचावातला हुकमी एक्का मानला जाणारा हॉलिडे समोर असताना जिमी बटलरने चौथ्या सामन्यात ५६ गुण लुटले. अटीतटीच्या क्षणी स्वतः बास्केट करून सामना जिंकून देणारा गार्ड हवा, हा निष्कर्ष त्यातून निघाला. २०२२-२३ मध्ये सामन्यामागे ३२.२ गुणांची सरासरी राखणारा लिलार्ड त्या वर्णनात चपखल बसत होता. शिवाय अँटेटोकुंपोला संघात टिकवण्यासाठी विजिगीषा दाखवणेही भाग होते. मिलवॉकीसारख्या लहान शहराकडे मोठे खेळाडू आपण होऊन फारसे वळत नाहीत. तिथे संघबांधणी होते ती मुख्यतः अदलाबदलीतून.

खरी मेख किमतीत होती. एनबीएच्या नियमांनुसार वेतनमर्यादा ओलांडलेल्या संघाला येणाऱ्या खेळाडूच्या वेतनाशी मिळतेजुळते वेतन बाहेर पाठवावे लागते. लिलार्डचे वेतन साडेचार कोटी डॉलरच्या वर. एवढे वजन पेलणारे करार बक्सकडे मोजकेच होते. ख्रिस मिडलटन आणि ब्रूक लोपेझ यांनी जुलैमध्येच नवे करार केले होते आणि नव्याने करारबद्ध झालेला खेळाडू काही महिने अदलाबदलीत देता येत नाही. म्हणजे उरला हॉलिडे. लिलार्ड हवा तर हॉलिडेला निरोप, असा हा सरळ हिशेब होता. त्याच्यासोबत ग्रेसन अ‍ॅलन गेला, २०२९ चा पहिल्या फेरीतील निवडीचा हक्क गेला आणि २०२८ व २०३० या वर्षी निवडीचा क्रम बदलून देण्याची हमीही गेली.

इथे बक्सने प्रश्नच चुकीचा मांडला, असे वाटते. दोघांत श्रेष्ठ गार्ड कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या घडीला लिलार्ड हेच होते. परंतु या संघाला कोण लागतो, हा प्रश्न निराळा होता. अँटेटोकुंपो चेंडू स्वतःच्या हाती ठेवून खेळतो. लोपेझ उंच पण संथ. अशा संघात प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू खेळवणाऱ्याला पहिल्या पावलावर अडवणारा माणूस हीच भिंत असते. २०२१ च्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात डेव्हिन बुकरच्या हातून चेंडू हिसकावून हॉलिडेने तो अँटेटोकुंपोकडे उंच फेकला, तो क्षण विजेतेपदाचा होता. ही भिंत काढल्यावर बक्सचा बचाव २०२३-२४ मध्ये घसरणीला लागला आणि ३३ वर्षांच्या लिलार्डकडून तो सावरला जाणे शक्यच नव्हते. पहिल्याच सामन्यात ३९ गुण करून त्याने टाळ्या मिळवल्या; त्याने केले ते त्याचेच काम.

दुसरी चूक कदाचित अधिक महागात पडली. सोडलेला गार्ड पुढे कोठे जाईल, याचा विचार झालेला दिसत नाही. नवी उभारणी करणाऱ्या पोर्टलंडला तिशी ओलांडलेला हॉलिडे नको होता. चारच दिवसांत तो बक्सच्या प्रमुख प्रतिस्पर्ध्याकडे, बॉस्टन सेल्टिक्सकडे गेला आणि जून २०२४ मध्ये त्याने विजेतेपदाचा चषक उंचावला.

नशिबानेही साथ दिली नाही, हे नोंदवायला हवे. २०२४ च्या प्लेऑफमध्ये पोटरीच्या दुखापतीमुळे अँटेटोकुंपो खेळू शकला नाही. इंडियाना पेसर्सने ४-२ अशी मात केली. पुढल्या वर्षी त्याच संघाने पहिल्याच फेरीत ४-१ ने हरवले आणि चौथ्या सामन्यात लिलार्डच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला. जुलै २०२५ मध्ये बक्सने त्याला करारमुक्त केले. उरलेली सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलरची देणी पाच हंगामांवर विभागली गेली. संघात नसलेल्या खेळाडूसाठी दर हंगामी सुमारे सव्वादोन कोटी डॉलरची ही नोंद २०२९-३० पर्यंत त्यांच्या वेतनमर्यादेत राहील. पोर्टलंडला दिलेल्या निवडीच्या हक्कांची वर्षेही नेमकी याच काळात येतात.