विश्लेषण : सर्व्हरमधून एक डिस्क काढणे इतके जोखमीचे का?

ऐरोली, रबाळे, महापे ते पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती झपाट्याने वाढल्या आहेत. तिथल्या सर्व्हरमधील डिस्क बदलणे हे रोजचे काम. मात्र चुकीच्या क्रमाने काढलेली एक डिस्क हजारो ग्राहकांची माहिती पुसू शकते, तर निष्काळजीपणे भंगारात गेलेली डिस्क तीच माहिती परक्याच्या हाती देऊ शकते. वैयक्तिक विदा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाल्याने या दोन्ही चुका आता कायद्याच्या कक्षेत येत आहेत.

नवी मुंबईशी याचा संबंध काय?

एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाणारा ठाणे-बेलापूर पट्टा आज देशातील डेटा सेंटरच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. समुद्राखालील इंटरनेट केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, बँका आणि वित्तसंस्थांची मुख्यालये जवळ आहेत, औद्योगिक वसाहतीत जागा आणि वीज मिळते. शिवाय पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी दिला. त्यामुळे देशांतर्गत साठवणुकीची गरज वाढली.

डिस्क किती वेळा बदलाव्या लागतात?

आपल्या डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी नियमित जाहीर करणाऱ्या ‘बॅकब्लेझ’ या अमेरिकी कंपनीत २०२४ मध्ये हे प्रमाण १.५७ टक्के होते. हाच दर धरला, तर १० हजार डिस्क असलेल्या केंद्रात वर्षाला सुमारे १५७ डिस्क निकामी होतील. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एक. जागा वाढवण्यासाठी काढल्या जाणाऱ्या चांगल्या डिस्क वेगळ्याच.

एक डिस्क काढल्याने काय बिघडते?

सर्व्हरमध्ये अनेक डिस्क जोडून एकच मोठा साठा तयार केला जातो. एखादी फाइल एकाच डिस्कवर नसते, तिचे तुकडे अनेक डिस्कवर विखुरलेले असतात. एक डिस्क गेली तरी माहिती वाचावी, यासाठी ‘रेड’ ही पद्धत वापरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी १९८८ मध्ये ती मांडली. तत्त्व सोपे आहे. एका डिस्कवर ४, दुसरीवर ७ आणि तिसरीवर त्यांची बेरीज ११ लिहिली, तर कोणताही एक आकडा हरवला तरी उरलेल्या दोघांवरून तो काढता येतो. दोन हरवले, तर काहीच करता येत नाही.

खरा धोका नेमका इथे आहे. एक डिस्क आधीच बिघडलेली असताना तंत्रज्ञाने शेजारची चांगली डिस्क ओढली, तर एका डिस्कचाच बिघाड सोसू शकणारा अख्खा साठा बंद पडतो. नवी डिस्क बसवल्यावरही धोका लगेच टळत नाही. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने भरायची, तर सुमारे २८ तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर जादा ताण असतो.

मग सुरक्षित पद्धत कोणती?

या कामात ओढणे सर्वांत शेवटी येते. आधी बॅकअप आहे का आणि तो प्रत्यक्षात परत मिळवता येतो का, हे तपासायचे. मग साठ्यातील बाकीच्या डिस्क ठणठणीत आहेत ना आणि त्यांत पुरेशी मोकळी जागा आहे ना, हे पाहायचे. चालू डिस्क काढायची असेल, तर तिच्यावरील माहिती आधी दुसरीकडे हलवायची. लिनक्सच्या ‘एलव्हीएम’मध्ये ‘पीव्हीमूव्ह’ ही आज्ञा हेच करते. ते पूर्ण झाल्यावर ‘व्हीजीरिड्यूस’ने डिस्क साठ्यातून वगळायची. त्यानंतर अनुक्रमांक जुळवायचा, त्या कप्प्याचा दिवा लुकलुकता ठेवायचा आणि मगच हात लावायचा.

‘रेड’ म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकदमच जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर माहिती पुसण्याची आज्ञा दिली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था प्रत्यक्षात चालतच नव्हत्या, हे तेव्हा उघड झाले. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली.

काढलेल्या डिस्कचे पुढे काय?

बिघडलेली डिस्कही अनेकदा वाचता येते आणि फॉरमॅट केल्याने सर्व माहिती जातेच असे नाही. ‘मॉर्गन स्टॅन्ली’ने जुने सर्व्हर आणि हजारो डिस्क मोडीत काढण्याचे काम या क्षेत्राचा अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिले. त्यातील काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसह ऑनलाइन लिलावात विकली गेली. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीच्या संरक्षणात कसूर केल्याबद्दल अमेरिकी बाजार नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

त्यामुळे डिस्क पहिल्या दिवसापासूनच कूटबद्ध ठेवणे हा चांगला उपाय. मग किल्ली नष्ट केली की माहिती निरुपयोगी होते. चुंबकीय डिस्क तीव्र चुंबकाने निकामी करता येते, पण एसएसडीवर त्याचा उपयोग नाही. तिथे उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी लागते किंवा तिचा चुरा करावा लागतो.

कायदा काय सांगतो?

वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मधील ‘विदा भंगा’च्या व्याख्येत केवळ माहितीची गळती नाही. माहिती अपघाताने नष्ट होणे किंवा तिच्यापर्यंत पोहोचता न येणे हेही त्यात आहे. म्हणजे चुकीची डिस्क ओढल्याने रुग्णालयाच्या नोंदी गेल्या, तर तोही भंग ठरू शकतो. अशा वेळी बाधित व्यक्तींना आणि विदा संरक्षण मंडळाला कळवावे लागेल. वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रमुख जबाबदाऱ्या नियम अधिसूचित झाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील.

सामान्यांनी काय करावे?

छोटे दवाखाने, सनदी लेखापालांची कार्यालये आणि गृहसंकुलांच्या सीसीटीव्ही यंत्रणेतही अशाच डिस्क असतात. दुरुस्तीला आलेल्या व्यक्तीला दोन प्रश्न जरूर विचारावेत : डिस्क काढण्यापूर्वी बॅकअप तपासला का आणि जुनी डिस्क कुठे जाणार? बदललेली डिस्क दुरुस्ती करणाऱ्याकडे न सोडता स्वतःकडे ठेवावी आणि माहिती पुसल्याची खात्री झाल्यावरच ती ई-कचऱ्यात द्यावी.