सासू कोणाची कोण?

गेल्या फेब्रुवारीत सूनबाई ऑफिसातून जरा खट्टू होऊनच घरी आली. करबचतीचे पुरावे द्यायचा महिना. माझ्या मेडिक्लेमच्या प्रीमियमची पावती तिला परत मिळाली होती. "सासूचा चालत नाही मॅडम, आईचा असेल तर द्या."

मुलाचा धंदा दोन वर्षं बसलेला. घर सूनबाईच्या पगारावर चालतं, माझं पेन्शन औषधांत जातं. कुळगावच्या आमच्या रेशनकार्डावर आम्ही एकाच कुटुंबातल्या. आयकरात मात्र मी तिची कोणीच नाही!

मास्तरकीची खोड, नियम वाचायला बसले. १९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डी. स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं यांच्या प्रीमियमवर २५,००० रुपयांपर्यंत वजावट. आईवडिलांसाठी वेगळी, ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५०,००० पर्यंत. गंमत म्हणजे आईवडील अवलंबून असोत वा नसोत, चालतं. सासूसासरे पूर्ण अवलंबून असले तरी नाही. २०२५ साली नवा आयकर कायदा आला, भाषा सोपी झाली, पण सासू त्यातही नाही. (नव्या करप्रणालीत ही वजावटच मिळत नाही, पण घरकर्जामुळे सूनबाईला जुनीच परवडते.)

कोणी म्हणेल, सासूला सांभाळायची सक्ती कायद्याने सुनेवर कुठे केली आहे? खरं आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात मुलगा, मुलगी, नातवंडं आहेत, सून नाही. पण मग कलम ८०डीडी पाहा. अवलंबून असलेल्या दिव्यांग भावाबहिणीला सांभाळणाऱ्यालाही ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,०००. तिथे सरकार सक्ती आहे का विचारत नाही, सांभाळतोय कोण ते बघतं. मला ते अगदी योग्य वाटतं. मग तोच न्याय सुनेला आणि जावयाला का नको?

लोक गैरफायदा घेतील म्हणावं, तर रोखीने भरलेला प्रीमियम धरतच नाहीत. पैसे कोणाच्या खात्यातून गेले ते लपत नाही. ज्याने भरले त्यालाच वजावट, एवढा नियम पुरे.

सूनबाई म्हणते, "जाऊ द्या हो आई, थोड्या पैशांसाठी कशाला जिवाला लावून घेता?" प्रश्न पैशांचा नाहीच. ती जे करते त्याची कागदावर कुठे तरी नोंद व्हावी, एवढंच.

असो. यंदाचा प्रीमियमही तिनेच भरला, वजावटीशिवाय. तुमच्या घरी कोण भरतं?