किलोमीटर कशाला मोजताय?

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या आमच्या हापिसात एक ठरलेली साथ येते. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन तोंडावर असते, हवेत थंडी असते आणि दिवाळीचा फराळ पोटावर दिसायला लागलेला असतो. मग महिनाअखेरीला ग्रुपवर स्क्रीनशॉट पडायला लागतात. "धिस मंथ : ३१२ किमी!" खाली वीस अंगठे. त्यात धावणं किती, सायकल किती, पोहणं किती हे कुणी विचारत नाही. बेरीज मोठी दिसली म्हणजे झालं.

माझं स्पष्ट मत आहे की ही बेरीज बिनकामाची आहे. उदाहरण घ्या. गोव्यात २०१९ पासून हाफ आयर्नमॅन होते. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. एकूण ११३ किमी. या हिशेबात पोहण्याचा वाटा पावणेदोन टक्केसुद्धा भरत नाही. आता ज्याने समुद्रात दोन किलोमीटर हात मारलेत त्याला जाऊन सांगा की बाबा, तू पावणेदोन टक्के काम केलंस. मग पळा तिथून!

आपल्या धंद्यात, कोडच्या ओळी मोजून प्रोग्रामरचं काम ठरवणाऱ्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये यथेच्छ हसतो. आणि संध्याकाळी बूट चढवून तेच करतो.

मग मोजायचं काय? याचं उत्तर अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर नावाच्या संशोधकाने नव्वदच्या दशकातच देऊन ठेवलंय, आणि ते इतकं साधं आहे की घड्याळ विकणाऱ्यांना त्यात फारसा रस असायचं कारण नाही. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, किती जोर लागला? शून्य ते दहा. शून्य म्हणजे बसून होतो, दहा म्हणजे जीव जायचा बाकी होता. या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. ४० मिनिटं निवांत पळालो, जोर ३, म्हणजे १२०. ५० मिनिटं दात-ओठ खाऊन इंटरव्हल मारले, जोर ८, म्हणजे ४००. पोहणं असो, सायकल असो, सूर्यनमस्कार असोत, सगळं एका मापात येतं. छातीला पट्टा नको की मनगटाला घड्याळ नको. वही आणि पेन पुरतं.

गेल्या डिसेंबरात मी महिनाभर गावी होतो, देवणीला (लातूर जिल्हा, अगदी कर्नाटकाच्या सीमेला चिकटून. देवणी जातीची गुरं ऐकली असतील, ते गाव). काम घरूनच होतं, नेट बरं होतं, म्हणून ही पद्धत नीट महिनाभर चालवायची ठरवली. त्यातला एक आठवडा देतो. सोमवार सुट्टी, ०. मंगळवार निवांत पळणं, १२०. बुधवार सायकल, ३६०. गुरुवार इंटरव्हल, ४००. शुक्रवार शेतातल्या विहिरीत पोहणं, १५०. शनिवार तुरीचे भारे वाहिले, तासभर, जोर ५, म्हणजे ३००. रविवारी सायकलने उदगीर, किल्ल्यापर्यंत जाऊन (हो तोच, १७६० च्या लढाईवाला) परत, साडेतीन तास, जोर ३, म्हणजे ६३०. एकूण १९६०.

विहिरीची गंमत सांगायलाच हवी. विहिरीत पोहायचं म्हणजे गोल गोल. अर्धा तास पोहून वर आलो, दात वाजतायत, आणि घड्याळाच्या जीपीएसचं म्हणणं की मी जवळपास जागेवरच होतो. तुरीच्या भाऱ्यांचंही तेच. त्याच्या हिशेबी मी शनिवारी शेतात उगाच येरझाऱ्या घालत होतो.

पण एकूण बेरीज हा फॉस्टरच्या पद्धतीतला लहान भाग झाला. खरी मेख पुढे आहे. सात दिवसांच्या आकड्यांची सरासरी काढायची आणि तिला त्याच आकड्यांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागायचं. येईल त्या आकड्याला त्याने नाव दिलंय 'मोनोटनी', म्हणजे एकसुरीपणा. माझ्या आठवड्याची सरासरी २८०, डेव्हिएशन २१०, भागाकार १.३३. हा आकडा दोनच्या वर गेला की सावध व्हावं असा ढोबळ नियम आहे. रोज जवळपास सारखंच आणि वर जोरही मोठा, असं चाललं की माणूस आजारी पडायची, अंग धरायची शक्यता वाढते, हे त्याचं निरीक्षण. कठीण दिवस कठीण हवा आणि सोपा दिवस खरोखर सोपा हवा. नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलरनेही अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासून हेच सांगितलंय. दहातली साधारण आठ सत्रं ते गप्पा मारता येतील इतक्या सोप्या गतीने करतात.

इथपर्यंत सगळं आपल्यासारख्या हौशी पब्लिकसाठी. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

देवणीत पहाटे पाचला रस्त्यावर या. अंधारात पोरं पळताना दिसतील, कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. यातल्या कुणालाही मेडल नकोय. ही पोलीस भरतीची पोरं. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० च्या जागी ८००. एकट्या १६०० ला २० गुण, आणि पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यायचं. २०२४ च्या भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते. म्हणजे शंभरात एक. आपल्याकडे हाफ मॅरेथॉन दहा मिनिटं उशिरा संपली तर पोहे थंड होतात. इथे दहा सेकंदांवर घर चालणार की नाही ते ठरतं.

माझा चुलतभाऊ त्यातलाच एक. मी वही लिहितोय बघून त्यानेही लिहायला घेतली. पहिल्या आठवड्याचे त्याचे आकडे : ४८०, ४८०, ४५०, ४८०, ४८०, ४२०, ४८०. रोज तासभर, रोज जोर ८, एका दिवशी ७. बेरीज ३२७०, माझ्या दीडपटीहून जास्त. एकसुरीपणा काढला तर १९.८! मला आधी वाटलं फॉर्म्युला चुकला. तो बरोबर होता. सगळे आकडे सारखे असले की डेव्हिएशन शून्याकडे जातं आणि भागाकार आभाळाकडे. अजून एक-दोन दिवस सारखे असते तर एक्सेलने सरळ डिव्हाइड बाय झीरो दाखवलं असतं.

आणि या आकड्यांत रात्र नव्हतीच. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाइट रात्रीची होती. म्हणजे हा गडी रात्री हरभऱ्याला पाणी देणार, दोन-अडीचला अंग टाकणार आणि पाचला परत पळायला. वहीत मी 'झोप' असा रकाना पाडून दिला तेव्हा तो हसला. तीन तास, अडीच तास, तीन तास. "दादा, नळ्या लई दुखलाल्यात," हे मात्र तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. नडगीचं हे दुखणं भरतीच्या पोरांत इतकं नेहमीचं आहे की त्याला कुणी दुखणं म्हणतच नाही. तसंच रेटलं तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो, आणि मग ऐन मैदानाच्या तारखेला पाय प्लास्टरमध्ये. यापेक्षा वाईटही झालंय. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले होते, त्यानंतर ते अंतर कमी झालं.

विश्रांती घे म्हटलं तर ऐकायचा नाही. पोरं म्हणतात, एक दिवस बसलं की दम जातो. ग्राउंडवरचा सीनियर म्हणतो, मरेपर्यंत पळा. शेवटी माझा भागाकार कामी आला नाही, तात्या (म्हणजे त्याचे वडील) कामी आले. दावणीला देवणीची जोडी आहे त्यांच्या. वही बघून म्हणाले, "बैलाला बी एवढं हाणत नाहीत."

खरंच की! नवा गोऱ्हा कुणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी रिकामं जू, मग हलकं काम, मग एखाद्या जुन्या मुरलेल्या बैलाच्या जोडीला. उन्हाळ्यात पहाटे औत धरतात आणि ऊन चढायच्या आत सोडतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, लोणी-हळद लावून बैलाचे खांदे चोळतात. प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड, रिकव्हरी, सगळं गावाला पिढ्यानपिढ्या माहीत आहे, फक्त बैलाच्या बाबतीत. स्वतःच्या पोराने सुट्टी घेतली की तो आळशी.

मग ठरलं ते असं. आठवड्यात दोनच दिवस जोर ८. सोमवारी सुट्टी. बाकी दिवस बोलता येईल इतकं हळू पळायचं किंवा तात्यांची जुनी सायकल मारायची. पाच-सहा मिनिटांच्या धावण्यातली बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनवरच चालते, त्यामुळे हळू पळण्याने दम जात नाही, उलट पाया पक्का होतो, हे त्याला चार वेळा समजावलं. ज्या रात्री लाइट असेल त्याच्या दुसऱ्या पहाटे पळणंच नाही. तिसऱ्या आठवड्यात येळवस आली. पुणेकरांसाठी सांगतो, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं, कडब्याची कोप करून पांडव पुजतात, आणि भज्जी, उंडे, आंबील यापुढे कुठलाही डाएट प्लॅन टिकत नाही. दोघांच्याही वहीत त्या दिवशी एकच शब्द आहे, 'भज्जी'. जोर लिहिलेला नाही. पोटावर बराच आला असावा :)

महिन्याच्या सुरुवातीला त्याचे १६०० होते ५:४४, शेवटी ५:३६. आठ सेकंद. एका माणसाचा एक महिना म्हणजे पुरावा नव्हे, आणि ५:१० अजून लांब आहे. पण नळ्या दुखायच्या थांबल्या, आणि जो पाय दुखत नाही तो पुढचे महिने पळू शकतो.

याच्यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे 'जोर' हा आकडा मनाचा झाला, मशीनचा नाही. मान्य. पण रात्रभर पाणी दिल्यावर तेवढंच अंतर त्याच गतीने पळालं तर जोर ६ चा ८ होतो, आणि हा फरक किलोमीटरला कधीच कळत नाही. थकवा माणसाला येतो, मग माणसालाच विचारलेलं काय वाईट? आपल्या मंडळींनीही रिलीजच्या आठवड्यात, रात्री एकचे कॉल घेऊन दुसऱ्या दिवशी ठरलेले १८ किलोमीटर पूर्ण करण्याचा हट्ट धरण्याआधी वहीत 'झोप' हा रकाना पाडावा.

आता वहीची दुसरी बाजू. चुलतबहीणही भरतीची तयारी करते. ८०० मीटर. पहाटेच्या अंधारात एकटीने रस्त्यावर पळायची सोय नाही, त्यामुळे भाऊ जाईल तेव्हा, भाऊ जाईल तिथे. दोघांचं बघून तिनेही वही केली. पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, पळायचंच लिहायचं का सगळंच?" म्हटलं, अंगाला जोर लागतो ते सगळं लिही. तिच्या दिवसाचं पळणं २५ मिनिटं, जोर ७, म्हणजे १७५. आणि पाणी भरणं, झाडलोट, भाकरी, मग शेतात तूर काढायला, असे मिळून पाच तास, जोर ३. म्हणजे ९००.

पळणं १७५, बाकी ९००. तिचा दम का वाढत नाही यावर घरात महिनोन् महिने चर्चा चालली होती. कुणी म्हणे दूध कमी पडतं, कुणी म्हणे पोरींचं असंच असतं. तिच्यासाठी मी तसाच सोमवारचा सुट्टीचा दिवस आखला. पहिल्या सोमवारी तिने पळणं बंद ठेवलं आणि वहीत प्रामाणिकपणे लिहिलं : ९००. सुट्टी कसली, सुट्टीच्या दिवशी फक्त पळायचं राहिलं. म्हणजे तिच्या आयुष्यातली आवडीची पंचवीस मिनिटं तेवढी गेली.

हे कुठल्याही ट्रेनिंग प्लॅनने सुटत नाही. भावाला सुट्टी मिळते ती घरात दुसरं कुणीतरी राबतं म्हणून. तिला सुट्टी द्यायची तर तिचे पाच तास कुणाच्या तरी वहीत जायला हवेत. मी ते आकडे काकूंना दाखवले. त्यांनी आधी मलाच सुनावलं, की त्यांच्या वयात त्या याच्या दुप्पट करत होत्या आणि कुणी लिहून ठेवलं नाही. तेही खरंच. त्यांची वही केली असती तर आम्हा सगळ्यांचे आकडे लाजले असते.

पुढच्या सोमवारी पाणी भावाने भरलं. भाकरी काकूंनीच थापल्या, शेतात मी आणि तात्या गेलो. त्या दिवशी तिच्या वहीत १८० आहेत, एक तास, जोर ३. त्याच्या वहीत सुट्टीच्या रकान्यात पहिल्यांदाच शून्य नव्हतं, आणि त्यावर तो अजून कुरकुरतोय.