हर्षद मेहता आवडतो? आवडू दे, पण...



बॅचमध्ये ‘तुमचा आवडता बिझनेसमन कोण?’ असं विचारलं की एक नाव हमखास येतं, हर्षद मेहता. २०२० साली ‘स्कॅम १९९२’ ही वेब सिरीज आली आणि घोटाळेबाज माणूस पोरांचा हिरो झाला.

मला यात नवल वाटत नाही. साध्या घरातला माणूस, वशिला नाही, आणि तो अख्खं दलाल स्ट्रीट हलवतो. लोनसाठी बँकेत चकरा मारून थकलेल्याला तो आपलाच वाटणार ना!

पण त्याने केलं काय, ते नीट बघा. बँक रिसीट म्हणजे विकलेले रोखे देऊ, अशी बँकेची लेखी हमी. मागे रोखेच नसलेल्या रिसीटवर त्याने पैसा उचलला आणि शेअर बाजारात ओतला. १९९२ मध्ये बिंग फुटलं. २००१ मध्ये तो कोठडीत असतानाच गेला.

आता स्वतःला विचारा. माल तयार नसताना ‘तयार आहे’ सांगून ॲडव्हान्स घेता? लोनसाठी टर्नओव्हर फुगवून दाखवता? मग तीही छोटी बँक रिसीटच झाली.

त्याची भूक जरूर घ्या. आणि ज्या ग्राहकाला खोटी तारीख दिलीय, त्याला आजच फोन करून खरी सांगा.