चिमण्या सोडवणारा व्यापारी



जपानमधील क्योतो नगरीत निशिकी नावाचा एक जुना बाजार आहे. अठराव्या शतकात तेथे भाजीपाल्याची एक मोठी घाऊक पेढी होती. त्या घरात १७१६ साली जन्मलेला ज्येष्ठ पुत्र पुढे इतो जाकुचू या नावाने जपानचा एक थोर चित्रकार म्हणून ओळखला गेला. तेविसाव्या वर्षी पित्याचे छत्र हरपले आणि पेढीची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याने विवाह केला नाही. पेढी सांभाळली, परंतु मन मात्र चित्रांतच गुंतलेले राहिले.

आरंभी त्याने मठांतील जुनी चिनी चित्रे पुन्हा पुन्हा उतरवून काढली. कालांतराने त्याला उमगले की, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे झाले. मग त्याने घराच्या अंगणात कोंबडे-कोंबड्या पाळल्या. त्यांची चाल, मान वळवण्याची रीत, पिसांवरील रंगांचे फेर तो दीर्घकाळ नुसता निरखत राहिला आणि त्यानंतरच त्याने कुंचला हाती घेतला.

त्याचे स्नेही, शोकोकुजी मठाचे विद्वान भिक्षू दाइतेन यांनी एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. बाजारात खाण्यासाठी विकावयास आणलेल्या जिवंत चिमण्या जाकुचूच्या दृष्टीस पडल्या. त्याला ते पाहवले नाही. त्याने डझनावारी चिमण्या विकत घेतल्या आणि मोकळ्या सोडल्या. त्या बाजारातून रोज शेकडो माणसे जात असतील. चिमण्या सर्वांच्याच नजरेसमोर होत्या. पण ज्याने अंगणातल्या पाखराचे एकेक पीस निरखले होते, त्याला त्या पिंजऱ्यात ‘माल’ दिसला नाही, जीव दिसले.

आपल्या परंपरेत यालाच यतना म्हणतात. ईर्यासमितीत पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहावयाची, प्रतिलेखनात वस्त्र-पात्र न्याहाळावयाचे. आधी पाहणे आणि मग वागणे, हाच अहिंसेचा क्रम आहे. जो पाहत नाही, त्याची दया मनातच राहते.

१७५५ साली, चाळिशीत, जाकुचूने पेढी धाकट्या भावाच्या स्वाधीन केली. त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांत त्याने रेशमी पटांवर ‘दोशोकु साई-ए’, म्हणजे ‘सजीवांचे रंगीत विश्व’, ही तीस चित्रांची मालिका सिद्ध केली. तिच्यातील तळ्याकाठच्या एका चित्रात गांडूळ, मुंगी, कोळी, चतुर, बेडूक, साप असे डझनावारी जीव एकत्र आले आहेत. द्वींद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची आपली गणना ज्यांना पाठ आहे, त्यांना ते चित्र पाहताना ओळखीचे वाटेल. तेथे कोणताही जीव क्षुल्लक नाही; किड्यांनी खाल्लेल्या पानाची भोकेदेखील त्याने तितक्याच निष्ठेने रंगवली आहेत. पांढऱ्या पक्ष्याच्या एका चित्रात पिसांवर सोन्याची झाक भासते. तपासणीत आढळले की तेथे सोने नाहीच. रेशमाच्या मागील बाजूस लावलेल्या पिवळ्या मातीच्या रंगाची ती किमया आहे.

एवढे वैभव त्याने विकले नाही. आई-वडील, धाकटा बंधू आणि स्वतः यांच्या कल्याणाची भावना धरून त्याने ती चित्रे शोकोकुजी मठास अर्पण केली.

मात्र निवृत्ती म्हणजे पाठ फिरवणे नव्हे, हेही त्याच्या चरित्रातून दिसते. १७७१ च्या सुमारास निशिकी बाजारच बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा पेढी सोडलेला हा चित्रकार आपल्या पेठेचा वडीलधारा म्हणून पुढे झाला, अधिकाऱ्यांशी वाटाघाटी करीत राहिला आणि १७७४ मध्ये बाजाराला पुन्हा मान्यता मिळाली. अनेक कुटुंबांची उपजीविका टिकली. त्यालाही आपण जीवदयाच म्हणू.

उतारवयात त्याने एक आगळे चित्र काढले. बुद्धाच्या निर्वाणाचा प्रसंग, परंतु बुद्धाच्या जागी पहुडलेला मुळा आणि भोवती शोकाकुल भाज्या व फळे! ज्या भाजीपाल्यावर घराणे पोसले, तिच्यातही त्याला चैतन्य दिसले. वनस्पतिकायाला जीव मानणाऱ्या आपल्याला यातील भाव समजावून सांगावा लागणार नाही. १७८८ च्या भीषण आगीत त्याचे घर जळाले. त्यानंतर एका चित्राला एक माप तांदूळ, एवढ्यावर तो समाधानी राहिला. १८०० साली त्याने देह ठेवला.

पर्युषण पर्वात आपल्याकडेही पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. डोळ्यांसमोर मरणाऱ्या जीवाला सोडवणे ही अनुकंपाच होय. परंतु आपली मागणी ठाऊक असल्यामुळेच जर कोणी रानात जाळे लावत असेल, तर आपल्या पैशाने पिंजरा उघडतो की नवा भरतो? पोपट, मुनिया यांसारखे देशी पक्षी पकडणे व विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. तेच द्रव्य पांजरपोळात जखमी पक्ष्यांच्या उपचारासाठी द्यावे. आणि घरातील मुलांना रोज थोडा वेळ गच्चीवर बसवून, न पकडता, न हुसकावता, एखादी चिमणी नुसती पाहावयास शिकवावे. जे मूल पाहावयास शिकेल, त्याला दया निराळी शिकवावी लागणार नाही.

जय जिनेंद्र!